गेटचं चॅनेल

माझ्या तरुणपणी आमच्या घरात टीव्हीवर सगळ्यात जास्त काय पाहिलं गेलं असेल, तर आमच्याच बिल्डिंगचं गेट. हे सांगितलं की माझी मुलगी हसते, तिला वाटतं आई तिखटमीठ लावून सांगते. पण नेरूळच्या त्या सोसायटीत खरोखरच तसं होतं. टीव्ही रंगीत, आणि त्यावर काळंपांढरं गेट. आवाज नाही. वॉचमनची खुर्ची, लोखंडी फाटक, समोरच्या रस्त्याचा एक तुकडा आणि अधूनमधून जाणारं कुत्रं, बस्स. दुपारची मालिका संपली की आई रिमोट दाबत दाबत शेवटच्या चॅनेलवर यायची, मटाराचं ताट मांडीवर ओढायची आणि सोलता सोलता बघत बसायची. आत कुकरची शिट्टी, वर पंख्याची घरघर, शेजारी मुकादमांकडे मसाल्याचा मिक्सर, आणि टीव्हीतून काहीच नाही. मध्येच आई म्हणायची, "सबनीसवहिनी निघाल्या वाटतं माहेरी, मोठी बॅग आहे." मग दोन शेंगा सोलून, "चपला नव्या आहेत." तिचं तिलाच. ऐकायला मी असले काय नि नसले काय.

करावे गावातून जनाबाई कोलंबी आणि सुका जवळा घेऊन यायची. पूर्वी ती खालून अशी हाक मारायची की वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल दचकून उठावं. चॅनेल सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत तिची हाक बंद झाली. गेटाशी यायची, टोपली उतरवायची, कोलंबीची मूठ भरून वर कॅमेऱ्यासमोर धरायची आणि गप उभी राहायची. की आमच्या आईचं डोकं गॅलरीतून बाहेर. एकदा मी कॉलेजातून येताना तिला विचारलं, "मावशी, आता ओरडत नाहीस तू?" तर म्हणते, "कोलबी ताजी हाय, ती दिसते ना तुज्या आयला टीवीन? मंग घसा कशाला फारू?" मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो होतो.

हे खूळ बाबांचं. बाबा तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होते. तिथे आत जाणाऱ्याची नोंद, बाहेर येणाऱ्याची झडती, आणि गेटावर कॅमेरा. घरीही त्यांचं तेच. चप्पल रॅकमध्ये, छत्री खुंटीला, मुलगी वेळेवर. वाईट नव्हते हो, अजिबात नव्हते. ताप आला की रात्रभर उशाशी बसणारे बाबा होते माझे. पण जे डोळ्यांसमोर नाही त्याची त्यांना भीती वाटायची आणि त्या भीतीला ते शिस्त म्हणायचे. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. खालून सबनिसांची स्कूटर चोरीला गेली आणि बाबांना निमित्त मिळालं.

निमित्त स्कूटरचं, पण धीर दिला तो माझ्या पुस्तकाने. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मार्केटात झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक खाजगी वाचनालय होतं, तिथून मी एक कादंबरी आणली होती. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे मूळ कोणाची आणि मराठीत कोणी आणली, कळायला मार्ग नाही. परदेशातली होती एवढं नक्की, कारण माणसं सारखी सूप पीत होती. त्यात एक शहर असतं. तिथे लहान मुलं हरवू नयेत म्हणून सरकार त्यांच्या गळ्यात एक छोटं यंत्र बांधतं. मूल कुठे आहे ते घरी बसल्या बसल्या कळतं. मुलांनंतर म्हाताऱ्यांना बांधतात, मग बायकांना, मग सगळ्यांना. यंत्र काढणाऱ्याच्या घरी लोक असे चेहरे करून येतात की जणू कोणी गेलंय. शेवटी सरकारलाच त्याचा कंटाळा येतो, ते यंत्रं परत मागायला माणसं पाठवतं, आणि लोक काय करतात? यंत्रं धान्याच्या डब्यांत लपवतात. देत नाहीत! मी वाचताना उठून बसले होते. भाषांतर मात्र इतकं भिकार होतं की पानोपानी चीड यायची. ही वाक्यं मी नीट लावली असती, असं वाटता वाटता एक दिवस कळलं, की आपल्याला आयुष्यात हेच करायचंय. पुण्याला एका संस्थेत भाषांतराचा दोन वर्षांचा कोर्स होता, मुलींच्या वसतिगृहासकट. बी.ए. झालं की तिथे जायचं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

ते पुस्तक एका रविवारी बाबांच्या हाती लागलं. आमच्या घरात हातात आलेलं काहीही अर्धवट सोडायचं नाही असा नियम, म्हणून त्यांनी ते नेटाने संपवलं. चष्मा काढून म्हणाले, "लेखक हुशार आहे हं, शैला. मुलं हरवायची नाहीत, म्हातारी माणसं हरवायची नाहीत. आपल्याकडे हे झालं पाहिजे."

"अहो बाबा, ते वाईट आहे म्हणून लिहिलंय!"

"वाईट काय त्यात? ज्याला काही लपवायचंय त्याला वाईट."

मी कपाळावर हात मारून घेतला. आणि पुढच्या मीटिंगमध्ये या गृहस्थांनी त्या पुस्तकाचं उदाहरण देऊन कॅमेऱ्याचा ठराव मांडला. परदेशात तर माणसागणिक यंत्र आहे म्हणे, आपण निदान गेटावर एक लावू. सगळ्यांनी हात वर केले. त्या अनामिक लेखकाने कुठल्या थंडगार खोलीत बसून लोकांना घाबरवायला लिहिलं असेल, आणि इथे नेरूळमध्ये त्याचा सेक्रेटरीच्या अहवालात उल्लेख! आता मी तीसएक पुस्तकं मराठीत आणली आहेत आणि प्रत्येक वेळी मला ती मीटिंग आठवते. लिहिणाऱ्याने कितीही कळवळून सांगितलं तरी वाचणारा आपल्या सोयीचं घेऊन उठतो.

कॅमेरा बसला. सारसोळ्याचा निलेश केबलवाला होता, त्याने कॅमेऱ्याची वायर आपल्या केबलच्या डब्यात जोडून एक रिकामं चॅनेल देऊन टाकलं. हेतू असा की कोण आलंय ते प्रत्येकाला घरातून दिसावं. सुरुवातीला मजा होती, मुलं गेटात जाऊन नाचायची आणि वरून आया हसायच्या. मग हळूहळू आमच्या जिन्यात बोलण्याची तऱ्हाच बदलली. "आज उशीर झाला वाटतं शैलाला?" सबनीसकाकू दार उघडून विचारायच्या. "काल चौकड्यांचा ड्रेस होता तो नवा का गं?" त्यात दुष्टपणा नव्हता, हेच तर अवघड होतं. कोणी रागावलं असतं तर भांडता आलं असतं. प्रेमाने विचारणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

मी एक केलं. कोपऱ्यावरून वळले की मान खाली घालायची ती थेट जिन्यात वर करायची. माझा चेहरा मी त्या कॅमेऱ्याला देणार नाही, असा माझा हट्ट. सलमा मला हसायची. सलमा मुकादम आमच्याच मजल्यावरची, माझ्याच वर्गात. मूळची श्रीवर्धनकडची माणसं, वडलांचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान. आम्ही दोघी दर बुधवारी कॉलेज सुटल्यावर कराव्याच्या पुढे खाडीच्या बांधावर जाऊन बसायचो. सलमाच्या अम्मीने दिलेल्या तांदळाच्या पिठाच्या वड्या खायच्या आणि त्या पुस्तकावर वाद घालायचा. सलमाचं म्हणणं, लेखकाने उगाच सगळा दोष सरकारवर ढकललाय. "काळे कोट घातलेले अधिकारी कशाला लागतात? आपल्या सबनीसकाकू पुरेत की!" अंधारायच्या आत तिचा मोठा भाऊ इम्तियाज दुकानातून येता येता आम्हाला दोघींना स्कूटरवर कोंबून गेटात सोडायचा. तेवढी तास-दीड तासाची हवा मला आठवडाभर पुरवून वापरावी लागे.

बी.ए.ची परीक्षा झाली. पुण्याचा अर्ज मी भरला होता, मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरला. रस्त्यापलीकडच्या सोसायटीतले चव्हाण, मुलगा बँकेत. बाबा म्हणाले, "बघून तर घेऊ दे, बघितल्याने काय होतं?" आईने आदल्या दिवसापासून नारळ खवला, खोबऱ्याच्या वड्या केल्या. मी मोरपंखी साडी नेसून आतल्या खोलीत बसले. बाहेर चव्हाणबाईंचा आवाज ऐकू आला.

"मुलीला बोलवायची घाई नको हो. तिला आम्ही रोज बघतो."

"रोज?" बाबा म्हणाले. "कुठे?"

"टीव्हीवर! शेवटच्या चॅनेलवर. मान खाली घालून येते, ओढणी कशी व्यवस्थित, गेटात कोणाशी गप्पा मारत उभी राहत नाही. आजकाल कुठे बघायला मिळतं असं? आम्ही तर म्हटलं, अशी मुलगी आपल्या घरी यावी. हा सुद्धा बघतो ऑफिसला जायच्या आधी." हा म्हणजे मुलगा. तो बिचारा लाजून खोबऱ्याच्या वडीकडे बघत होता, हे मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

बाबांचा आवाज अगदी बारीक झाला. "अहो, पण ते आमच्या बिल्डिंगचं प्रायव्हेट चॅनेल आहे."

"अय्या! आमच्याकडे तर स्वच्छ दिसतं. तुमच्या निलेशचं कनेक्शन चांगलं आहे हो." मग जरा थांबून बाई म्हणाल्या, "फक्त एक सांगते, राग मानू नका. ते बुधवारी स्कूटरवरून उतरणं तेवढं बंद करा. आम्ही समजून घेऊ, पण बघणारे आम्ही एकटेच नाही ना."

जी मान मी तिरस्काराने खाली घालत होते, तिच्यावर भाळून ही माणसं मला मागायला आली होती. ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पोह्यांची बशी घेऊन बाहेर गेले, आणि सवयीने मान खालीच गेली. चव्हाणबाई खुशीत म्हणाल्या, "बघा!"

निलेशला बाबांनी संध्याकाळी बोलावून घेतलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, डबा एकच हाय ना. तुमच्या बिल्डिंगला टाकला का अख्ख्या सेक्टरला जातो. मला वाटला तुमाला म्हाईत हाय." एवढे दिवस अख्खा सेक्टर आमचं गेट बघत होता आणि एकाही माईच्या लालाने तक्रार केली नव्हती! बाबांनी चॅनेल ताबडतोब बंद करायला लावलं. पडद्यावर मुंग्या आल्या. मला वाटलं, सुटलो बाई. पण दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात माणसं. सबनीसकाकू, वरच्या मजल्यावरचे रिटायर झालेले आजोबा, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. "सुरक्षेचा प्रश्न आहे." "आमचा वेळ जात नाही हो." "सवय झालीय." बाबा समजावत राहिले. आजोबांनी विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच म्हणाला होतात, ज्याला लपवायचंय त्याला वाईट. तुमच्या घरात काय लपवायचंय?" बाबांनी निलेशला फोन लावला. संध्याकाळी गेट पुन्हा टीव्हीवर. मला सगळ्यात जास्त राग आला तो आईचा. त्या दुपारी ती मुंग्यांसमोरही ताट घेऊन बसली होती.

धान्याच्या डब्यांत यंत्रं लपवणारी माणसं त्या लेखकाने कुठे पाहिली असतील, कोण जाणे. आमच्याकडे न येता त्याने हे कसं लिहिलं, याचं मला अजून नवल वाटतं. पण एक त्याला दिसलं नव्हतं. त्याच्या पुस्तकात पाळत ठेवणाऱ्या माणसांना घर नव्हतं, स्वयंपाक नव्हता, त्यांच्या हाताला लसणाचा वास नव्हता. आज माझ्या मुलीच्या फोनमधला ठिपका नकाशावर सरकताना मी बघते. तीच म्हणाली होती, आई, बघत जा, तुझं टेन्शन जाईल. टेन्शन काही जात नाही. ठिपका थांबला की डाळ गॅसवर विसरते मी.

चव्हाणांचा होकार आला आणि बाबांनी पुण्याचा विषय मिटवून टाकला. "चांगलं स्थळ पायांनी चालत आलंय. कोर्सबिर्स लग्नानंतर, त्यांना विचारून." बुधवार बंद झाला. सलमाने घरी यायचं, मी तिच्याकडे जायचं नाही. एक दिवस वाचनालयाची पुस्तकं परत करायला मी पिशवी घेऊन बाहेर पडले. मार्केटात जाऊन परत आले तर आई दारात, चेहरा पांढराफटक. "कुठे गेली होतीस पिशवी घेऊन? बाबांचा कारखान्यातून फोन आला होता." त्यांना कोणी कळवलं? तर चव्हाणबाईंनी. सून होणार होते ना मी, मग काळजी नको का! त्या दिवशी मला पुरतं कळलं की गेटातून मी बॅग घेऊन निघाले तर रिक्षा मिळायच्या आत बाबांना कळेल, आणि बाबा कारखान्याची जीप घेऊन येतील. भिंत नाही, कुलूप नाही, कोणी हात धरलेला नाही. आणि मी घरात अशी अडकले होते की श्वास घ्यायचीही चोरी.

मुलाखतीचा दिवस उजाडला. बाबा नेहमीसारखे कंपनीच्या बसने गेले. मी अंथरुणात तोंड खुपसून पडले होते. आई आली. "ऊठ शैले. आंबोळ्या केल्यात, दोन खा, बाकीच्या डब्यात घातल्यात. सर्टिफिकिटं कुठे आहेत तुझी?"

"कशाला?"

"पुण्याला काय रिकाम्या हाताने जातेस?"

आई भराभर बोलत होती, स्वयंपाकघरातून नेहमी बोलायची तशीच. "पनवेलपर्यंत रिक्षाने जा, तिथून एसटी पकड. मी पुढे जाते खाली. तू माझ्या मागून ये, जरा दमाने. रडू नकोस आता, तोंड सुजलं की मुलाखतीत काय वाटेल त्यांना." असं म्हणून तिने स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, उशीचा एक धुतलेला अभ्रा खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेली.

मी खाली आले तेव्हा ती कॅमेऱ्याखाली स्टुलावर उभी होती. वॉचमनला तिने पाण्याचा पंप बघायला पाठवलं होतं. दोन्ही हात वर करून ती त्या डब्यावर अभ्रा चढवत होती आणि तो नीट बसत नव्हता. माझ्या आईला उंचावर उभं राहिलं की चक्कर यायची.

"आई, अगं सगळ्यांना दिसतेयस तू!"

"दिसू दे की," गाठ मारता मारता ती म्हणाली. "मला कोण मागणी घालणार आहे? जा तू. मागे बघू नकोस."

बाकीचं मला सलमाने सांगितलं. तिच्या अम्मीने सहज चॅनेल लावलं होतं. आधी स्टूल आलं, मग काकू. मग काकूंचा चेहरा मोठा होत गेला, इतका मोठा की नाकावरचा घाम दिसत होता, कुंकू दिसत होतं, आणि त्या सरळ बघत होत्या, सलमा म्हणाली, जसं काही प्रत्येकाच्या घरात डोकावून बघतायत. मग पांढरं झालं सगळं. त्या क्षणी सेक्टरातल्या निम्म्या घरांत तरी बायका उठून उभ्या राहिल्या असतील. बाबांना फोन गेले, पण सगळे आईबद्दल. तुमच्या मिसेसना काय झालंय, बघा जरा. बाबा आले, त्यांनी स्वतःच्या हाताने अभ्रा काढला. तोवर मी पनवेलहून एसटीत बसले होते, मांडीवर आंबोळ्यांचा डबा. आई त्या चॅनेलची सगळ्यात जुनी प्रेक्षक होती. कॅमेऱ्याजवळ गेलेलं माणूस केवढं दिसतं आणि मग त्याच्याबद्दल काय काय बोललं जातं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मला प्रवेश मिळाला. चव्हाणांनी नकार कळवला, असल्या आईची मुलगी नको म्हणून. बाबा चिडले, मग गप्प झाले, मग दर महिन्याला मला पुण्याला खाऊ पाठवायला लागले. सगळं निवळलं, असं मला तिकडे बसून वाटत होतं.

दिवाळीला घरी आले. दुपारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आई मटार सोलत होती, पण आत, ओट्यापाशी उभ्याने. टीव्ही बंद. मी म्हटलं, "काय गं, बघत नाहीस हल्ली?" ती म्हणाली, "मीच असते त्यात." बाजारात निघाली की जिन्यातली दारं किलकिली व्हायची. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या अनोळखी बायका रस्त्यात थांबून विचारायच्या, त्या तुम्हीच ना? भाजी ती आता सलमाकडून मागवून घ्यायची. जनाबाईची कोलंबी बाबा आणायचे. मला भडभडून आलं. मी तिला धरून म्हटलं, "चल माझ्याबरोबर पुण्याला. आठ दिवस राहा. वसतिगृहाशेजारी मैत्रिणीचं घर आहे, तिची आई एकटीच असते, तुला आवडेल."

"येईन की," आई म्हणाली. खरंच खूश झाली होती. हात पुसून तिने कपाट उघडलं, कुठली साडी घेऊ ते दाखवायला लागली. दोन साड्या काढल्या, घडी मोडून पाहिली, परत घातल्या. "पण शैले, बॅग घेऊन त्या गेटातून जावं लागेल ना गं."

त्या दोन वर्षांत ती एकदाही आली नाही.